आधी सही, मग फराळ

वाचकाचं पत्र

न्यू जर्सीत घर घेऊन आम्हाला दहा-अकरा वर्षं झाली. समोर एक ब्लॅक बाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. कचऱ्याचा वार कुठला, रिसायकलिंगचा कुठला, बर्फ पडणार असेल तर गाडी रस्त्यावर का ठेवायची नाही, हे सगळं आम्हाला त्यांनीच सांगितलं. एका जानेवारीत सासूबाई ड्राइव्हवेवर घसरून पडल्या. आम्ही दोघं ऑफिसात. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत या बाई स्वतःचा कोट त्यांच्या अंगावर टाकून शेजारी बर्फात बसून होत्या.

यंदा आमच्या भागातल्या रिकाम्या ऑफिस पार्कच्या जागी अपार्टमेंट व्हायची आहेत, त्यातली काही ‘अफोर्डेबल हाउसिंग’ची. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विरोधाची याचिका फिरली. शाळा बिघडेल, गुन्हे वाढतील, ‘तसली माणसं’ येतील असं त्यात होतं. मी फारसं न वाचता सही केली आणि खाली एक ओळही लिहिली: ‘आम्ही कष्ट करून इथे आलो, फुकट कुणाला काही मिळू नये.’ प्लॅनिंग बोर्डाच्या सभेत ती याचिका नावांसकट वाचून दाखवली. बाई तिथे बसलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मेलबॉक्सपाशी भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, आपली ओळख आहे.’ तेव्हापासून हात हलवणंही बंद.

नवरा म्हणतो, आपलं काही चुकलेलं नाही, घर हीच आपली पुंजी. अकरावीतली मुलगी म्हणते, ‘आई, तू रेसिस्ट आहेस.’ मी तशी नाही हो. दिवाळी जवळ आली आहे. फराळाचं ताट घेऊन जाऊ का? आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडू का?

— एक वाचक, मध्य न्यू जर्सी

उत्तर

ताई,

फराळाचं ताट नेऊ नका. निदान आत्ता नको. तुम्ही चकल्या-करंज्या घेऊन दारात उभ्या राहिलात तर त्या सभ्यपणे ताट घेतील, ‘थँक यू’ म्हणतील आणि तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल. याचिकेवरची सही मात्र जिथल्या तिथे. वर हसून घेण्याचं काम त्यांच्याच गळ्यात.

अमेरिकेत आल्यावर ‘कल्चर’ म्हणजे काय, याची आपण एक सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. शाळेच्या जिममध्ये इंटरनॅशनल नाइट, एका टेबलावर समोसे, दुसऱ्यावर मेंदी, स्टेजवर नऊवारीतल्या मुलींचं लेझीम आणि समोर टाळ्या वाजवणारे प्रिन्सिपल. त्यात वाईट काही नाही. मजा येते, मीही हौसेने जाते. पण शेजाऱ्यांना आपली खरी ओळख होते ती तिथे नाही. ती होते आठवड्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या संध्याकाळी म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात, जिथे पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसून गावात काय बांधावं आणि काय बांधू नये यावर बोलत असतात. तुमची तिथली पहिली हजेरी त्या याचिकेतून लागली.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. बाईंनी तुमच्यासाठी काय काय केलं ते सगळं त्यात आहे, अगदी कोटासकट. बाईंविषयी मात्र ‘ब्लॅक’, ‘सत्तरी’, ‘निवृत्त’ यापलीकडे एक शब्द नाही. मूळच्या कुठल्या, मुलंबाळं कुठे असतात, कुठल्या चर्चमध्ये जातात, शाळेत काय शिकवायच्या? त्या तुम्हाला ओळखत होत्या, तुम्ही त्यांना ओळखत नव्हता. हे खडसावायला म्हणत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच असतं. शनिवार कुमॉनचा, रविवार मराठी शाळेचा, उरलेला वेळ देवळाचा नाहीतर कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा. समोरच्या घरासाठी वेळ काढावा हे मनातच येत नाही.

आता ती ओळ. ‘आम्ही कष्ट करून इथे आलो, फुकट कुणाला काही मिळू नये.’

‘फुकट’चं आधी बघू, ते सोपं आहे. अफोर्डेबल घर म्हणजे फुकट घर नव्हे. दर महिन्याला भाडं भरावं लागतं किंवा कर्ज काढून घर विकत घ्यावं लागतं. फक्त त्याची रक्कम उत्पन्नाशी बांधलेली असते. म्हाडाची सोडत तुम्हाला ठाऊक असेलच. प्रकार बराचसा तोच: अर्ज, उत्पन्नाचे कागद, सोडत आणि मग वाट बघणं. म्हाडाचं घर लागलेल्या चुलतभावाला आपण ‘फुकट्या’ म्हणत नाही, पेढे मागतो. इथे त्या-त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या (निम्मी घरं त्याहून जास्त कमावतात, निम्मी कमी) ऐंशी टक्क्यांपर्यंत कमावणारं कुटुंब अर्ज करू शकतं. मध्य जर्सीसारख्या महागड्या भागात चौघांच्या घरात वर्षाला ९० हजार डॉलर येत असले तरी ते कुटुंब यात बसतं. मग ‘तसली माणसं’ कोण? तुमच्या मुलीच्या शाळेची बस चालवणारा. सासूबाईंना हात धरून व्यायाम करवणारी थेरपीतली मदतनीस. पहिल्याच नोकरीतली शिक्षिका. ओक ट्री रोडवरच्या दुकानात तुमच्या कोथिंबिरीच्या जुड्या मोजणारी गुजराती बहीण.

कष्टांचं जरा लांबलचक आहे. तुम्ही कष्ट केलेत यात शंका नाही. व्हिसाचे स्टॅम्पिंग, ग्रीन कार्डाची न संपणारी रांग, हे काय सुखाचं नसतं. पण कष्ट करायला आधी आत तर यावं लागतं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६ मध्ये नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, पण येऊ द्यायचे वर्षाला जेमतेम १०० भारतीय. तेव्हाचे आपले लोक काय आळशी होते? ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लिबर्टी बेटावर नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि मग आपले डॉक्टर-इंजिनियर यायला लागले, त्यांच्यामागून तुम्ही-आम्ही. हा कायदा आभाळातून पडला नाही. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला होता, १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांची डोकी फुटली होती, ऑगस्टमध्ये तो हक्क कायद्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये आपली पाळी लागली. जन्माच्या देशावरून आणि वंशावरून माणसाला बाहेर ठेवणं लाजिरवाणं आहे, हे या देशाच्या गळी उतरवायला ब्लॅक लोकांनी मार खाल्ला. तुमच्या समोरच्या बाई त्या वर्षी शाळेत जात असतील.

(जाता जाता: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या, अमेरिका कधीही न पाहिलेल्या माणसाला हा धागा दिसला होता. आपण तर रस्त्याच्या या बाजूला राहतो.)

आणि घरांचंच म्हणाल तर आपलं हे न्यू जर्सी काही साधं नाही. १९५८ मध्ये दक्षिण जर्सीत लेव्हिट कंपनीने हजारो घरांची वसाहत उभारायला घेतली आणि ब्लॅक गिऱ्हाइकांना विकणार नाही असं उघड धोरण ठेवलं. एका ब्लॅक लष्करी अधिकाऱ्याने तक्रार लावून धरली. १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला नमवलं. ती वसाहत म्हणजे आजचं विलिंगबोरो. त्याच काउंटीत माउंट लॉरेल आहे. एथेल लॉरेन्स या शिक्षिकेचं घराणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. गावातल्या ब्लॅक कुटुंबांनी ३६ परवडणाऱ्या अपार्टमेंटची परवानगी मागितली. १९७० मध्ये एका रविवारी चर्चमध्ये येऊन मेयरने सांगितलं की ज्यांना या गावात राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं. चर्चमध्ये, त्यांच्याच बाकांसमोर उभं राहून. लॉरेन्सबाई कोर्टात गेल्या. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कमी उत्पन्नाच्या लोकांना वाव मिळेल असं नियोजन करणं प्रत्येक गावाचं कर्तव्य आहे. २०२४ च्या नव्या राज्य कायद्याने हीच जबाबदारी पुढच्या दहा वर्षांसाठी गावागावांना वाटून दिली. तुमच्या ऑफिस पार्कच्या जागेवरची अपार्टमेंट या वाटेने आली आहेत. बिल्डरच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेली नाहीत.

समोरच्या बाईंचा या सगळ्याशी वैयक्तिक संबंध असेल किंवा नसेल, ते मला माहीत नाही. तो तुम्हीही गृहीत धरू नका. पण त्या वयाच्या बाईने ‘तसली माणसं’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले असतील, असं काही मला वाटत नाही.

आपणही ते ऐकलेले आहेत, फक्त विसरलो. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाने काही टोळकी आपल्या बायकांच्या कुंकवावरून नाव घेऊन फिरत होती. भारतीयांना शहरातून हाकलून लावू, असं त्यांचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला जमावाने इतकं मारलं की तो वाचला नाही. त्या टोळक्यांच्या तोंडीही हेच होतं: ही माणसं आली की वस्ती बिघडते.

तुमच्या यजमानांसाठी. घराच्या किमतीची काळजी खोटी नाही. पण ज्या माउंट लॉरेलवरून एवढं रण माजलं, तिथे २००० च्या सुमारास एथेल लॉरेन्स यांच्या नावाने १४० अफोर्डेबल घरं उभी राहिली. त्या पाहायला नव्हत्या, १९९४ मध्येच गेल्या. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वसाहतीचा अनेक वर्षं अभ्यास केला. आसपासचे गुन्हे, घरांच्या किमती, कर, काहीही त्या घरांमुळे बिघडलं नाही, असं त्यांना आढळलं. यजमान आकड्यांचे असतील तर त्यांना हे शोधून वाचायला द्या. वाद घालण्यापेक्षा बरं.

आणि हो, विरोध म्हणजे लगेच वंशद्वेष, असं मी म्हणत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाने मध्य जर्सीत काय केलं ते आपण पाहिलंय. सॉमरसेट काउंटीत माणसांना बोटीतून बाहेर काढलं. पाण्याचा निचरा कसा होणार, सकाळच्या वेळी चौकात काय होणार, शाळेत वर्ग पुरतील का, हे प्रश्न विचारायलाच हवेत, आणि बोर्डाचं काम तेच आहे. तिथे राहायला कोण येणार, हा बोर्डाचा विषय नाही. तुमच्या याचिकेत निचऱ्याबद्दल एक तरी ओळ होती का?

आता काय करायचं ते.

पहिलं म्हणजे सही काढा. ऑनलाइन असेल तर बहुधा काढता येते. ती बोर्डाकडे गेली आहे, तेव्हा बोर्डाच्या सेक्रेटरीला चार ओळींची ई-मेल टाका: माझं नाव त्या याचिकेत आहे, मी ते मागे घेते, माझी टिप्पणीही मागे घेते, हे पत्र नोंदीत ठेवावं. कारणांचा पाल्हाळ नको. पुढची जाहीर सुनावणी केव्हा आहे ते टाउनशिपच्या वेबसाइटवर असतं. जमलं तर जा. लोकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. नाव-पत्ता सांगायचा आणि जे ई-मेलमध्ये लिहिलं तेच बोलायचं. आवाज कापेल, कापू दे. याचिका सगळ्यांसमोर वाचली गेली, तर ती मागे घेणंही सगळ्यांसमोर व्हावं. बंद दाराआड मागितलेली माफी बाईंना मिळेल, पण त्या सभेतल्या बाकीच्यांच्या कानावर तुमची ती ओळच राहील.

हे झालं की बाईंना कळवा. आपल्यासारखं थेट दार वाजवून ‘सहज आले होते’ करू नका. न कळवता आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. एक साधं कार्ड लिहा, हाताने. तिकीट लावून पोस्टाने पाठवा, समोरच राहत असलात तरी. दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये बिनतिकिटाचं काही टाकणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि या वेळी नियम मोडून सुरुवात नको. मजकूर असा काहीतरी: ‘मी त्या याचिकेवर सही केली आणि खाली जे लिहिलं ते चूक होतं, दुखावणारं होतं. मी ते मागे घेतलं आहे आणि बोर्डाला कळवलं आहे. तुम्हाला ते तिथे बसून ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर मला आवडेल. नाही वाटलं तरी मी समजू शकते.’ बस. सासूबाईंचा प्रसंग त्यात घालू नका. ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ नको. ‘माझ्या टीममधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण ब्लॅक आहे’ तर मुळीच नको. आणि भेट झालीच तर त्यांच्याकडून इतिहासाची शिकवणी घेऊ नका. त्यांची शाळेतली नोकरी संपलेली आहे, आणि इतिहास लायब्ररीत मिळतो.

उत्तर येईल असं धरून चालू नका. आठवडा जाईल, महिना जाईल. कदाचित नुसता हात हलेल आणि त्यापुढे काही नाही. त्यांच्यावर कसलीही सक्ती नाही.

दरम्यान गावात मिसळा, पण त्यांच्यासाठी म्हणून नव्हे. सासूबाईंना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स कुणाची होती, कधी चौकशी केलीत? न्यू जर्सीत अनेक गावांत अजूनही स्वयंसेवकांचं फर्स्ट एड स्क्वाड असतं, आगीचा बंबही स्वयंसेवकच चालवतात. त्यांच्या वर्गणीच्या पाकिटाला आपण जंक मेल समजून रिसायकलिंगमध्ये टाकतो. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सेवेचे उपक्रम असतात, १९ जूनला जूनटीन्थ, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा दिवस, असतो. २०२१ पासून त्याची राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि आपण ती कॉस्टकोला जाण्यात घालवतो. अशा ठिकाणी जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचं, खुर्च्या उचलायला थांबायचं. तिथे कुणी तुम्हाला साडी नेसून यायला सांगणार नाही.

मुलीचं. ‘मी तशी नाही’ हे तिला पटवण्यात शक्ती घालवू नका. तुम्ही तशा आहात की नाही याचा निकाल तिलाही लावता येणार नाही आणि मलाही. सही होती, ती तुमची होती, एवढं तिच्यापाशी मान्य करा. ती तुमच्या घरात सतरा वर्षं कान उघडे ठेवून वावरली आहे. ‘नवा मॅनेजर ब्लॅक आहे, पण हुशार आहे.’ ‘त्या बाजूने जायचंय, गाडी लॉक कर.’ ‘स्थळ चांगलं आहे, मुलगी जरा सावळी आहे.’ ‘आडनावावरून कळत नाही, कोणापैकी आहेत?’ यातलं एकही वाक्य तुमच्या घरात बोललं जात नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. बोललं जात असेल तर याचिका हा शेंडा आहे, हे तिला तुमच्याआधी कळलेलं आहे. अकरावीत तिला अमेरिकेचा इतिहास असेलच. तिच्या पुस्तकातलं १९६५ चं प्रकरण दोघींनी मिळून वाचा. बोर्डाची ई-मेल पाठवण्याआधी तिला दाखवली तरी चालेल, पण लिहून मात्र तिच्याकडून घेऊ नका.

ताटाचं म्हणाल तर बाई स्वतःहून बोलत्या झाल्या की मग न्या. आधी मेसेज करून, वेळ विचारून. चिवड्यात शेंगदाणे आहेत, लाडवात तूप आणि काजू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून. इथे ॲलर्जी विचारणं हा आगाऊपणा नाही, रीत आहे.

आणि ग्रुप सोडू नका. तुम्ही गेलात तर तिथे फक्त त्या याचिकेशी सहमत असलेले उरतील. एक संदेश टाका: मी सही मागे घेतली आहे, कारण याचिकेत निचरा-रहदारीचं काही नव्हतं, माणसांबद्दलच होतं. पुढची सुनावणी अमुक तारखेला आहे, ज्यांना शाळा-रस्ते-पाण्याबद्दल विचारायचं आहे त्यांनी तिथे या. त्यावर कुणी ‘तुम्हाला एवढा पुळका असेल तर तुमच्या घरात ठेवा’ म्हणेल, कुणी हात जोडलेला इमोजी टाकेल, कुणी विषय बदलायला गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकेल. वाद घालत बसू नका. दोघी-तिघी तुम्हाला वेगळा मेसेज करून ‘मलाही ते खटकलं होतं, पण बोलले नाही’ असं लिहितील. त्यांना बोर्डाच्या सेक्रेटरीचा ई-मेल पत्ता पाठवून द्या.